आपापला फोन घेऊन या, म्हणजे नक्की काय?

जुलैचा दुसरा आठवडा होता, बाहेर पाऊस झोडपत होता, आणि मी एफवायच्या वर्गात सांगितलं की सगळ्यांनी फोन काढा, कॉलेजच्या वाय-फायला जोडा, आजचे प्रश्न फोनवर येणार आहेत. पुढच्या दोन-तीन बाकांवरची पोरं जोडली गेली. मागच्यांच्या स्क्रीनवर मात्र 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' एवढंच येऊन बसलं, आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, नेट गावना नाय!" राउटर बंद करून परत चालू केला, दहा मिनिटं गेली, थोडी नवीन पोरं जोडली गेली, पण सगळ्यांचं काही जमलं नाही. शेवटी तो तास खडू-फळ्यावर झाला. मला कोडं हे पडलं की ऑफिसात त्याच वेळी नेट व्यवस्थित चाललं होतं, मग वर्गात काय बिघडलं?

मी देवगड-मालवण पट्ट्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि दुसरं कुणी पुढे आलं नाही म्हणून नेटवर्ककडेही मीच बघते. त्या दिवसापासून जे शिकत गेले ते इथे सोप्या भाषेत लिहितेय, कारण आता बऱ्याच कॉलेजांत 'आपापलं डिव्हाइस घेऊन या' असं सांगतात आणि पुढे काय होतं हे कुणी समजावत नाही.

इंग्रजीत याला 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस' म्हणतात, थोडक्यात बीवायओडी. ही कल्पना ऑफिसांतून आली, लोक स्वतःचे फोन-लॅपटॉप कामावर आणायला लागले, तेव्हा मोठ्या कंपन्यांना नियम करावे लागले की याला परवानगी द्यायची तर कशी. मग तीच गोष्ट शिक्षणात आली, आणि कॉलेजांना ती आवडली कारण कॉम्प्युटर लॅबमध्ये वीसेक मशिन असतात, वर्गात पोरं साठ, आणि मशिन दर काही वर्षांनी जुनी होतात. फोन मात्र जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यात अभ्यासाचंही बरंच काही ऑनलाइन गेलं. केंद्र सरकारचं 'स्वयम्' पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं आणि २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून करता येतात. म्हणजे डिव्हाइस आता चैन राहिली नाही, वहीच्या जोडीला बसलीय.

आपल्याकडे तर हे फार वाईट पद्धतीने सुरू झालं. २०२० चा लॉकडाऊन, आणि त्यातच ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, रायगड आणि दापोली-मंडणगडकडे पोल आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्या दोन वर्षांत पोरं सड्यावर, डोंगरावर जाऊन, ताडपत्री बांधून, जिथे दोन काड्या रेंज येईल तिथे बसून लेक्चर ऐकत होती. म्हणून वर्गात फोन काढा म्हटलं की काही पालकांच्या कपाळाला अजून आठ्या पडतात, आणि मला ते पटतं. पण घरून ऑनलाइन शिकणं आणि वर्गात समोर शिक्षक असताना फोन एक साधन म्हणून वापरणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता त्या 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' कडे येते.

वाय-फायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक पत्ता देतो. पंगतीत पान मांडल्यासारखं समजा, पान मिळालं तर जेवण. साध्या राउटरमध्ये अशी पानं २५४ असतात, त्यातलं एक राउटर स्वतःलाच ठेवतो. दुसरी गोष्ट, पान किती वेळ राखून ठेवायचं हेही ठरलेलं असतं, त्याला लीज म्हणतात, आणि आमच्या राउटरवर ती २४ तासांची होती. म्हणजे काय झालं बघा, सकाळी आर्ट्स-कॉमर्सची पोरं आली, त्यांचे फोन जोडले गेले, काहींचे लॅपटॉप पण, वर स्टाफ, प्रिंटर, कॅमेरे. ती पोरं साडेअकराच्या एसटीने घरी गेली, पण त्यांची पानं राउटरने दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच राखून ठेवली. दुपारी माझा वर्ग आला तेव्हा पंगत भरलेली, प्रत्यक्षात निम्मी पानं रिकामी. ऑफिसातल्या मशिनला पत्ते आधीच मिळालेले, म्हणून तिथे काहीच कळलं नाही.

उपाय काय, तर लीज एक तासाची केली आणि सेटिंगमध्ये नेटवर्कचा मास्क, म्हणजे किती पत्ते वाटता येतील हे ठरवणारा आकडा, बदलून पत्त्यांची संख्या १०२२ केली. एक पैसा लागला नाही. ज्यांच्या कॉलेजात 'वाय-फाय जोडतं पण चालत नाही' अशी ओरड आहे त्यांनी नवीन राउटरचं कोटेशन मागवायच्या आधी हे एकदा बघा, खरंच बघा.

पत्ता मिळाला तरी सगळं झालं असं नाही, मग हवेतल्या लहरींचा प्रश्न येतो. वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. २.४ गिगाहर्ट्झ नावाच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण त्या लहरी भिंतीतून फार जात नाहीत. आणि आपल्या भिंती कशाच्या? जांभ्याच्या चिऱ्याच्या, जाड, पावसाळ्यात ओल धरलेल्या. पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे पॅसेजमध्ये लावलेला राउटर मे महिन्यात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो आणि जुलैत पोचत नाही, हे मी स्वतः फोन घेऊन बाकाबाकाला उभं राहून बघितलंय. ज्या वर्गात साठ पोरं बसणार त्या वर्गाच्या आत राउटर पाहिजे, पॅसेजमधला एक राउटर चार वर्गांना वाटून पुरत नाही.

अजून एक गोष्ट, जी कळायला मला सगळ्यात वेळ लागला. जुना फोन हळू बोलतो. तेवढाच मजकूर पाठवायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो बोलत असताना बाकी सगळे थांबलेले असतात. फोंडा घाटात चिरे भरलेला ट्रक पुढे असला की मागे कितीही भारी गाडी असू दे, ट्रकच्याच वेगाने जायचं, तसं. म्हणून एखाद्याचा नवा कोरा फोनही वर्गात रखडतो आणि तो म्हणतो कॉलेजचं नेट बोगस आहे. दोष त्या जुन्या फोनवाल्या पोराचा नाही, हे वर्गात मी मुद्दाम सांगते, कारण एकदा कळलं की पोरं त्याच्याकडे वळून बघायला लागतात.

वाय-फाय आणि इंटरनेट एकच असं बहुतेकांना वाटतं, तसं नाहीये. वाय-फाय म्हणजे तुमच्या टाकीपासून नळापर्यंतचा पाइप, इंटरनेट म्हणजे टाकीत बाहेरून येणारं पाणी. टाकी भरलेली असेल तर बाहेरचं पाणी बंद झालं तरी नळ चालतो. आता हिशोब करा, २० एमबीची पीडीएफ साठ पोरांनी एकदम उघडली तर १२०० एमबी झाले, ५० एमबीपीएसची लाइन पूर्णच्या पूर्ण मिळाली तरी त्याला तीन मिनिटांच्या वर लागतात (लाइनचा वेग बिटांत मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट), आणि पूर्ण लाइन कधीच मिळत नाही. तीच पीडीएफ कॉलेजातल्याच एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली, तर बाहेरच्या नेटची गरजच पडत नाही. आम्ही एक बाजूला काढलेलं मशिन घेतलं, त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, वर मूडल टाकलं. मूडल ही २००२ मध्ये आलेली, जगभरची विद्यापीठं वापरतात ती मोफत प्रणाली, नोट्स, क्विझ, असाइनमेंट सगळं त्यात ठेवता येतं. रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि दोन दिवस नेट नव्हतं, तेव्हा आमची क्विझ बिनबोभाट झाली. कोकणात राहून हे शिकलं नाही तर कुठे शिकणार, आपल्याकडे बाहेरचं पाणी कधी बंद होईल सांगता येत नाही.

विजेचंही तसंच. नेहमीच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट मिळतात. लॅपटॉपचा चार्जर ६० वॉटचा धरला तर तेवीस लॅपटॉपमध्ये ते संपलं. बोर्डाला बोर्ड जोडून बाकांच्या खालून वायरी नेलेल्या मी बघितल्यात, ओल्या छत्र्या तिथेच टेकवलेल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला. सरळ नियम करा, डिव्हाइस घरून चार्ज करून आणायचं, वर्गात चार्जिंग नाही. उलट राउटरला आणि मूडलच्या त्या जुन्या मशिनला, म्हणजे आमच्या छोट्या सर्व्हरला, यूपीएस द्या, राउटर दहा-पंधरा वॉट खातो, लाइट गेली तरी तास निघतो.

हे सगळं झालं तारा आणि लहरींचं. आता फोनकडे या, कारण खरी अडचण तिथे आहे.

वर्गात साठ फोन म्हणजे साठ वेगवेगळ्या परिस्थिती. एका मुलीला मी म्हटलं ते अ‍ॅप टाक, ती मान खाली घालून स्क्रीनवर काहीतरी करत बसली. जवळ जाऊन बघितलं तर ती एकेक फोटो डिलीट करत होती. ३२ जीबीचा फोन, भरलेला, आणि फोन तिचा एकटीचा नव्हता, तिचा आणि दहावीतल्या भावाचा मिळून, घरी गेली की तो घेऊन बसतो. शिवाय रोजचा दीड जीबीचा पॅक, तो दोघांत. फोन घेतला होता आंब्याच्या सीझननंतर, वाशीच्या मार्केटमधून आंब्याच्या विक्रीची पट्टी आली तेव्हा, आणि पुढचा फोन कधी हे पुढच्या मोहोरावर. मी तिला म्हटलं, राहू दे गो, पुसू नकोस, आपण दुसरं काहीतरी करू. फोटो तिच्या आजीचे होते.

त्या दिवसानंतर मी एक गोष्ट पक्की केली. धडा वर्गातल्या सगळ्यात साध्या फोनवर चालला पाहिजे. नुसता चालून उपयोग नाही, नीट चालला पाहिजे. अ‍ॅप टाकायला लावायचं नाही, ब्राउझरमध्ये उघडेल तेच द्यायचं. व्हिडिओ असेल तर कमी रिझोल्यूशनचा, कॉलेजच्या सर्व्हरवर. जड काम फोनवर करायचंच नाही, दुसरीकडे करायचं, म्हणजे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची तर गूगल कोलॅबसारखं काहीतरी, जिथे प्रोग्रॅम चालतो दूरच्या मशिनवर आणि तुमचा फोन फक्त खिडकी असतो. आणि वर्गात जायच्या आधी मी सगळं एका जुन्या फोनवर उघडून बघते, माझ्या चांगल्या फोनवर नाही.

दोघांत एक फोन ही पण काही कमीपणाची गोष्ट नाही. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून एक पद्धत वापरायला सुरुवात केली, शिक्षकाने प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग परत उत्तर द्यायचं. शिकणं होतं ते त्या मधल्या वादात. त्यासाठी बोट वर केलं तरी चालतं, पण फोनवर उत्तर दिलं की लाजरी पोरंही बोलतात आणि मला लगेच दिसतं की निम्मा वर्ग चुकलाय. माझ्या वर्गात आता पहिलं उत्तर ज्याने त्याने वहीत लिहायचं, वाद झाला की जोडीने एका फोनवर टाकायचं.

आणि फोन हे फक्त वाचायचं यंत्र नाही हे तर मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. त्यात अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर आहे, माइक आहे, कॅमेरा आहे, अख्खी प्रयोगशाळा आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप काढलं, ते या सेन्सरचं रीडिंग सरळ ग्राफमध्ये दाखवतं. आम्ही लंबकाचा प्रयोग केला. फोन रुमालात बांधला, सुंभाच्या दोरीने छताच्या हुकाला टांगला, मीटरभर लांबी, खाली कुणीतरी दप्तरं पसरून ठेवली, पडला तर लागू नये म्हणून. अ‍ॅपमध्ये लंबकाचा तयार प्रयोग आहे, पण त्याला जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वेगाने वळतोय ते मोजणारा सेन्सर, लागतो, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये जायरोस्कोप नसतो. निम्म्या गटांचा प्रयोग उघडेचना. मग सगळ्यांनीच साधा त्वरणाचा ग्राफ घेतला आणि शिखरं मोजली. इथे एक गंमत झाली, झोक्याला एक सेकंद लागतोय असं सगळ्यांचं उत्तर आलं, घड्याळ सांगत होतं दोन. कारण फोन खालच्या टोकातून जाताना दोरीला सगळ्यात जास्त ताण, आणि एका पूर्ण झोक्यात तो खालून दोनदा जातो, म्हणजे शिखरं दोन. हे एका पोराने स्वतः शोधलं, मी एक शब्द बोलले नव्हते.

मग गुरुत्वत्वरण काढलं तर आलं ९.२५, यायला पाहिजे होतं ९.८ च्या आसपास. परत सगळे चुळबुळायला लागले. लांबी त्यांनी हुकापासून रुमालाच्या गाठीपर्यंत मोजली होती, एक मीटर. फोनचा मध्य गाठीच्या सहा सेंटिमीटर खाली. १.०६ मीटर घातलं आणि ९.८१ आलं. तयार उपकरणावर हा प्रयोग मी कित्येक वर्षं घेतलाय, पण लंबकाची लांबी कुठपर्यंत मोजायची हे इतकं पक्कं कुणाच्या डोक्यात बसलेलं मी बघितलं नव्हतं. ज्या गटाकडे सगळ्यात साधा फोन होता त्यांचंही उत्तर तेच आलं.

लक्ष विचलित होतं का? होतं, अगदी होतं. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला, त्यात लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांचे मार्क कमी आलेच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसत होती, जे स्वतः काहीच करत नव्हते, त्यांचेही कमी आले. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 'माझा फोन, मी बघेन' असं म्हणता येत नाही, कारण मागच्या बाकावरच्याचं नुकसान होतंय. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला अभ्यासही आला, तिथे ज्या वर्गांत लॅपटॉपला मोकळीक होती त्यांचे परीक्षेतले मार्क बंदी असलेल्या वर्गांपेक्षा कमी होते. म्हणून माझ्याकडे फोन बाकावर उपडा असतो, तासातली दहा-पंधरा मिनिटं सुलटा होतो, मग परत उपडा. नोट्स वहीत. तासभर सगळ्यांसमोर स्क्रीन उघडी ठेवणं मला मान्य नाही, कुणीही त्याला आधुनिक म्हटलं तरी.

आता पोरांच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट. फोन त्यांचा आहे, कॉलेजचा नाही. हजेरीसाठी असं अ‍ॅप टाकायला लावायचं जे कॉन्टॅक्ट, लोकेशन, फोटो सगळं मागतं, हे बरोबर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माहिती घ्यायची तर कशासाठी ते सांगून, संमतीने, आणि लागेल तेवढीच. विद्यार्थ्यांनो, परवानगी मागणारी खिडकी आली की विचारा, हे कशाला पाहिजे? विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवला की प्रत्येक मुलीचा नंबर साठ जणांना दिसतो, याचा त्रास मुलींना झालेला मी बघितलाय, म्हणून सूचना आता मूडलवरच जातात.

कॉलेजनेही आपलं घर नीट मांडावं. पाहुणा पडवीत बसतो, माजघरात जात नाही. तसं विद्यार्थ्यांच्या फोनचं नेटवर्क वेगळं आणि फी, निकाल, पगाराची मशिन असलेलं वेगळं ठेवता येतं, बऱ्याचशा ऑफिसच्या राउटरमध्ये ही सोय असते. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला की तो आठवड्याभरात नाक्यापर्यंत पोचतो, त्यापेक्षा प्रत्येकाला आपला युजरनेम-पासवर्ड बरा. काही ठिकाणी फोनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे वाय-फायवरचा त्या फोनचा ओळख क्रमांक, रजिस्टरमध्ये लिहून घेतात, त्याचा आता फारसा उपयोग नाही, कारण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला खऱ्याऐवजी एक बनवलेला मॅक दाखवतात.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. आपापलं डिव्हाइस आणा म्हटलं की कॉलेजचा खर्च वाचतो असं दिसतं. खरं तर तो खर्च पोराच्या घरी जातो. म्हणून जे वाचतं त्यातला काही भाग परत पोरांकडे यायला हवा असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. लायब्ररीत आठ-दहा टॅबलेट ठेवा, पुस्तकासारखे कार्डावर मिळणारे, न विचारता, न कारण सांगता. वर्गाच्या प्रयोगात फोन पडून फुटला तर दुरुस्ती कोण देणार हे आधी लिहून ठेवा. आणि परीक्षेचा कुठलाही भाग असा ठेवू नका जो फोन नसलेल्याला देताच येणार नाही.

राहिलं खाऱ्या हवेचं. समुद्राकाठी फोनचं चार्जिंग पोर्ट आधी जातं, आत हिरवट थर धरतो, मग चार्जर हलवून हलवून लावावा लागतो, शेवटी लागतच नाही. पावसात भिजत आलात तर वर्गात आल्या आल्या फोन चार्जरला लावू नका. पोर्ट खाली करून हलकेच झटका, कोरड्या फडक्याने पुसा, वारा लागेल असा तासभर ठेवा. तांदळात खुपसून ठेवू नका, त्याची पूड आत जाते. दप्तरात झिपवाली प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि एसटीची वाट बघताना फोन तिच्यात असू द्या.